चौकीच्या पुढचं

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याला शेजारच्या नणंद-भावजयींच्या बोलण्याने आपली दाढ विसरायला झालं होतं.

“माझा फोन आई दोन मिनिटांत ठेवते, वहिनी. आणि मोबाइलमधल्या त्या बोलणाऱ्या यंत्राशी तासन्‌तास गप्पा!”

“करमतं त्यांना, ताई.”

“अगं, पण त्या ठोकळ्याला काय कळतंय? परवा माझ्या फोनवर मी परीक्षाच घेतली त्याची.”

“कसली?”

“बाबा आईला सायकल शिकवायला गेले आणि दोघंही पोलीस चौकीत पोचले, तो किस्सा सांगितला.”

“मग? काही बरळलं का?”

“छे! म्हणालं, वा, मग पुढे काय झालं?”

“सांगायचं की.”

“काय सांगणार, कपाळ? चौकीच्या पुढचं मला येतच नाही.”

“असं कसं? आई तर सारखा सांगतात तो किस्सा.”

“चौकीपाशी आली की मीच म्हणते ना, पुरे गं, शंभरदा ऐकलंय.”

शिंप्याचा नंबर लागला. “तुम्ही व्हा पुढे,” तो मागच्याला म्हणाला.

“मग आता आईंनाच विचारा, ताई.”

“कुठल्या तोंडाने विचारू? आणि तिच्या फोनमधल्याला सगळं ठाऊक असणार, मेल्याला!”