पंचावन्न किलो गटातल्या काकू

…नाही नाही काकू, मूठ नका वळू, बोटं फाकवा. पूर्ण फाकवा — हां, अशी. फाकवून बांधली ना, की मूठ वळल्यावर पट्टी घट्ट बसते. आमच्याकडे पद्धतच आहे, बॉक्सिंगमध्ये ज्याच्याशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायची त्याच्या हाताला आपण पट्टी बांधायची, आणि मग त्याने आपल्या. सरांचं म्हणणं, दहा मिनिटं कुणाचा हात हातात धरला की मग राग धरून मारता येत नाही. मारता येतं हो, राग धरून नाही. मला पहिल्यांदा वाटलं, हे काय लग्न लावतायत का आमचं! — काकू म्हटलेलं चालतंय ना? ताईच म्हणणार होते, पण तुम्ही आत आल्या आल्या दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावल्यात ना, तेव्हा तोंडात आपोआप काकूच आलं. आणि सरांना काय, वजनकाट्यावर तुम्ही पंचावन्न, मी पंचावन्न, लागली जोडी. काटा थोडाच वय विचारतो?

भीती वाटतेय? वाटणारच. बॅगला मारणं वेगळं हो. बॅग बघत नाही आपल्याकडे. माणूस बघतो — तिथेच सगळी गडबड आहे. पहिल्या दिवशी मी डोळे मिटूनच मारत होते, सर ओरडले, "झोपायला आलीस का?" आणि मला खरंच झोप येत होती! चष्म्याच्या दुकानात आहे ना मी, काउंटरला. आठ तास उभी. ही काच स्पष्ट की ही, आता ही की मघाची — दिवसभर तेच. कुणाला म्हणून मघाची आठवत नाही. मग इथे, मग घर, मग परत काच. सहा महिने झाले, मी दमलेय काकू. पाय दुखतात तसं नाही, आतूनच. पण हा एक तास आहे ना, हा मला पाहिजे. हा गेला तर मग काही उरतच नाही दिवसात.

आणि तो आज जाणार आहे. म्हणजे जाऊ शकतो. माझा पंच पोचतच नाही ना. जातो जोरात, आणि समोरच्या तोंडापासून चार बोटं अलीकडे थांबतो. सर म्हणतात, हा पंच आहे का विनंतीअर्ज? पण काल हसले नाहीत. म्हणाले, उद्या तीन राउंड, हात अलीकडे थांबला तर परत दोरीउड्या, स्पारिंग बंद. ओरडून म्हणाले असते तर सोडून दिलं असतं. हळू म्हणाले.

नाही, ते बरोबरच आहे त्यांचं. तुमच्याआधी — तो अंगठा सैल सोडा जरा — तुमच्याआधीची माझी जोडीदार बँकेत होती, आम्ही बँकवालीच म्हणायचो. डाव्या हाताने जॅब मारताना तिचा उजवा हात खाली यायचा. मला रोज दिसायचं. गाल उघडा, अगदी ताटात वाढल्यासारखा. मी कधी मारलंच नाही तिथे. दोन महिने. तिला वाटलं, आपला गार्ड एकदम पक्का! गेली दुसऱ्या क्लबात मॅच खेळायला, आणि पहिल्याच मिनिटात नाक मोडून आली. मी भेटायला गेले तर म्हणते, "तुला दिसत होतं?" काय सांगू? दिसत होतं. माझा चांगुलपणा तिच्या नाकावर निघाला.

का थांबतो म्हणजे? असं काही कारण नाही हो. मी आपली वजन कमी करायला आले होते. — हां, पंचावन्नात कसलं वजन, बरोबर आहे तुमचं. बरं, स्वसंरक्षण. आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही, पण स्वसंरक्षण. — आई पडली होती माझी. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने अंथरुणात, घरात आम्ही दोघीच. पाणी दे. दिलं. पंखा कमी कर. केला. पंखा वाढव. वाढवला. ऑफिसमधून, म्हणजे दुकानातून आल्यावर चपला काढायच्या आत हाक. एकदा उशी सरकवत होते पाठीखाली, तर म्हणाली, मेलीला एक काम धड येत नाही. आणि माझा हात — उगारला फक्त. उगारला. नाही… लागला. दंडावर. एकदाच. — दोनदा. आवाज आला हो. आणि ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती म्हणाली, "दूध बाहेर राहिलंय, आत ठेव." ठेवलं. दुसऱ्या दिवशी इथे नाव घातलं. वाटलं, हातात जे काय आहे ते बॅगेत तरी जाईल.

आता चालते ती, काठी घेऊन. आम्ही बोलतो, हसतो, टीव्ही बघतो, सगळं नीट आहे. फक्त केस विंचरायला मी हात वर केला ना, की मान आत घेते. एवढीशी. तिला कळतही नसेल. आणि इथे रिंगमध्ये तर सगळ्याच मान आत घेतात, शिकवतातच तसं! आता कुणाकुणापुढे हात थांबवू मी? — हे मी सरांनासुद्धा नाही सांगितलं. तुम्हाला का सांगतेय… झाली तुमची पट्टी. वळा मूठ. घट्ट नाही ना?

काकू? हात का काढून घेतलात? …अच्छा. माझी पट्टी. हो हो, तुमची पाळी. मला वाटलं — काही नाही. घ्या. बोटं फाकवलीयेत. असू दे घट्ट, चालेल.

काय? …मी हळू मारलं तर तुम्ही स्वतः जाऊन सरांना सांगणार? अहो काकू! तुमचा स्पारिंगचा पहिला दिवस आहे! …लाड करून घ्यायला नाही, शिकायला आलाय तुम्ही. हो. कळलं. कळलं म्हणतेय ना.

बरं, मग ऐका. मघाशी बॅगवर बघितलं मी तुम्हाला. पुढे येताना तुम्ही हनुवटी वर करता. प्रत्येक वेळी. मी तिथेच मारणार आहे. पहिल्या राउंडलाच. लागेल, डोळ्यांत पाणी येईल, आणि मी विचारायला थांबणार नाही. परत वर केलीत तर परत मारीन. खाली घेतलीत की दुसरीकडे बघू.

वाजली घंटा. हे दातांचं घाला तोंडात, असं, चावून धरा. मीपण घालते, मग मला बोलता येत नाही. उठा. चला.