रेंज फुल, हॅलो गुल

अरे, नव्या मोबाईल कंपनीचा साहेब आमच्या मामूच्या दुकानात आलेला, ते ऐकलंत की नाय? पुण्याचा साहेब, रत्नागिरीच्या उकाड्यात टाय लावून. म्हणे, "जुन्या कंपनीपेक्षा आमची रेंज भारी. इथून चार फोन लावतो. नीट लागले, तर एजन्सी तुमची."

मामू खूश. साहेबासाठी थंडा आणायला पळाला. मामूने आपला जुनाच नंबर ह्या नव्या कंपनीत वळवलेला, म्हणून साहेबाने मामूचाच मोबाईल उचलला आणि मला म्हणतो, "बाळ, नंबर सांग."

बाळ! मग बाळाने सांगितले. तीन रिक्षावाल्यांचे आणि एक बर्फवाल्या सुलेमानचाचाचा.

साहेबाने लावला. रिंग गेली आणि कट. दुसरा, कट. चारही कट.

मामू थंडा घेऊन आला तर साहेब बॅग भरतोय. "कॉल तुटतात इथे. एजन्सी कॅन्सल!" मामूचं तोंड सुक्या बोंबलासारखं झालं.

एवढ्यात दारात तीन रिक्षा लागल्या. मागून सुलेमानचाचाने बर्फाची लादी पायरीवर आपटली. "मामू, मिस कॉल बघून आणली हां!"

साहेब ओरडला, "मग फोन का नाही उचलला?"

बंड्या रिक्षावाला म्हणाला, "उचलून पैसे कशाला घालवू? मामूची रिंग आली की रिक्षा आणायची. कट केला म्हणजे निघालो."

"म्हणजे इथे फोनवर कोणी बोलतच नाही? मग आमची कंपनी खाणार काय?"

मामूने थंडा पुढे केला. "बर्फ टाकू, साहेब?"

साहेब एजन्सी न देताच उठला. बंड्या म्हणतो, "बसा कुठल्यापण रिक्षात. कंपन्यांसारखं 'आमचीच भारी' नाय आमचं, तिन्ही सारख्याच पोचवतात."