पान एकशे बारा

— नाही, बस तू. सही करते, पण आधी सांग, हा अठ्ठाविसावा संदर्भ तू स्वतः पाहिलास? अप्रकाशित प्रबंध, पान एकशे बारा — हातात घेऊन? मान खाली घालू नकोस, मी काही खात नाही तुला. माझ्या लेखातून उचललास ना? मग तसं लिहायचं — अमक्याचा प्रबंध, माझ्या लेखात उद्धृत. जे वाचलं त्याचाच हवाला द्यायचा, पहिल्या वर्षाच्या मुलांकडूनही घोकून घेते मी हे. ग्रंथालयात शोधलास? नाही मिळाला. मिळणार कसा, अगं — तो प्रबंधच नाही.

ज्याच्या नावावर तो आहे, तो माझा धाकटा भाऊ. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायकांवर प्रबंधासाठी काम करत होता — इस्पितळाच्या चादरी यायच्या तिथे, दोघी-दोघी मिळून घड्या घालायच्या. एकदा जेवताना म्हणाला, ताई, या बायका बढती नाकारतात, पण जोडीदारीण बदलू देत नाहीत. एकीने त्याला सांगितलं होतं, माझ्या हातांना तिच्या हातांची सवय आहे, दुसरी आली की चादरीची टोकं जुळत नाहीत. मला ते इतकं पटलं — लेखात घातलं. संपादकांनी विचारलं, स्रोत काय? भावाशी झालेलं बोलणं, असं लिहिता आलं असतं, तेच बरोबर होतं, तशी पद्धतही आहे. पण बहिणीने भावाचा हवाला द्यायचा म्हणजे घरगुती मामला वाटतो, नाही का — मला वाटला. म्हणून प्रबंध लिहिलं. त्याची तेव्हा चाळीस पानं झाली होती. पान क्रमांक हवा म्हणाले, तर एकशे बारा टाकलं. तो हसला, म्हणाला, आता तिथपर्यंत लिहीत जाणं आलं. मीही हसले. मला वाटलं, मी त्याचं नाव पुढे केलं.

पुढे त्याने ते सोडलंच. विम्याच्या कचेरीत लागला. मी दर भेटीत टोचायची — काय रे, कितव्या पानावर आलास? सगळ्यांसमोर. तो आपला खाली बघून जेवत राहायचा.

मग यंदा — मंगळवार होता, याच टेबलावर मी कुणाची तरी संदर्भसूची तपासत होते — वहिनीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. कचेरीतच गेला तो, खुर्चीत बसल्या-बसल्या. मी ‘बरं’ म्हटलं आणि उरलेली दोन पानं तपासून संपवली, स्वल्पविरामांसकट. का तपासली — कुणास ठाऊक. नंतर वहिनी म्हणाली — मनात काही ठेवून नाही, सहज म्हणाली — त्याच्या मार्गदर्शकांनी माझा लेख वाचून ते एकशे बारावं पान मागितलं होतं. आता हा काय दाखवणार? ताईने खोटं लिहिलं म्हणणार? म्हणाला, मसुदा हरवला. त्यांचा विश्वास बसला नाही — माझाही बसला नसता. त्यांनी त्याला मार्गदर्शन करणंच सोडून दिलं. मला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. बावीस वर्षं. आणि मी विचारत राहिले, कितव्या पानावर.

सतरा लेखांत आहे आता ते पान. कुणीच पाहिलेलं नाही, सगळ्यांना लागण माझ्याकडूनच. तू अठरावी — खोड ते. — काय म्हणालीस? त्या जागी काय लिहायचं? ती बाई कोण, कोणत्या तारखेला काय बोलली, ते लिहायचं. त्याच्या मुलाखतींच्या वह्यांत असणार — नेटका होता तो. आहेत की, माझ्याकडेच आहेत, वहिनीने खोकं भरून पाठवल्यात, घरी कपाटावर आहेत. — नाही, आज नको येऊस. उद्याही नको. तुझं काही चुकलं नाही, सांगते ना. जा तू आता, दार ओढून घे. मी ते खोकं अजून उघडलेलं नाही.