वेबसाइटवर अजून नांदतेय

— नको, लॅपटॉप बंदच ठेवा हो, त्या कुत्र्यांच्या पाळणाघराची वेबसाइट मला तोंडपाठ आहे. उघडल्याउघडल्या मी, मांडीवर जीभ काढून बसलेलं कुत्रं, आणि खाली काय? 'आमचं कुटुंब, तुमच्या लाडक्याच्या सेवेत!' कुटुंब म्हणे! त्या कुटुंबातून बाहेर पडून मला वर्ष झालं — पण वेबसाइटवर मी अजून नांदतेय, चांगली हसतखेळत. बसा ना, उभे का? आमच्या माजी यजमानांनीच धाडलंय ना तुम्हाला? स्वतः तोंड दाखवायची लाज, म्हणून वेबसाइटवाल्याला पुढे केलं. काय म्हणता — नव्या बाईंचा फोटो लावून पाहिलात? आणि लोक फोनच करेनात? अरेरे! त्या चेहऱ्याच्या भरवशावर कुत्रं ठेवून गावाला जावंसं वाटत नाही म्हणतात? मी काही बोलत नाही बाई, मी पडले बाहेरची. म्हणून परत मी — आणि आता माझी रीतसर परवानगी. वा! वेगळं होताना म्हणाले होते, 'तुझ्यावर माझा विश्वासच उरला नाही.' स्वतः त्या बाईंकडून जेवून आले होते, हात पुसत, आणि विश्वास माझ्यावर उरला नाही!

भुंकणं ना? माझ्याचकडचं. का, सांगितलं नाही त्यांनी? मीही कुत्र्यांचं पाळणाघर काढलंय, मागच्या अंगणात. वेबसाइट नाही, साधी पाटी नाही — तरी येतात लोक. परवा एक आजोबा आले, दारातच थबकले. 'फोटोतल्या त्या तुम्हीच ना? तिथे गेलो तर तुम्ही नव्हता, मग कुत्रं तसंच परत घेऊन निघालो. विचारत विचारत आलो इथवर.' तुमचं काम फार चोख हो! असा विश्वास बसवलात की माणसं चेहऱ्याचा पत्ता काढत येतात. तेव्हा फोटो ठेवा. चांगला मोठा करा.

हसू? हो, खरंच आहे ते, विकतच्या फोटोंत नाही मिळायचं तसं. दाढ ठणकत होती माझी, हसणं कुठलं — तर हे कॅमेरा धरून समोर कान हलवायला लागले. येतात त्यांना हलवता, दोन्ही, एकदम. कुत्र्याकडे मी बघतच नव्हते, मी आपली —

जाऊ दे. परवानगी दिली म्हणून सांगा. आणि निघा आता, जनावरांची जेवणं व्हायचीत. बाकी काही बोलू नका तिथे. कानांचं तर अजिबात नाही.