शब्द माझे, फजिती माझी, टाळ्या जाइल्सला

...नाही, परक्यानं दगा दिला असता तर मी समजू शकलो असतो, पण तुम्हाला सांगतो, हा जाइल्स परका राहिलाच कुठे होता? लंडनहून इथे स्कॉटलंडात, आमच्या फाइफच्या किनाऱ्यावर राहायला आला तेव्हा बिचाऱ्याला काही कळायचं नाही. आमची नेटा, म्हणजे माझी बायको, त्याला म्हणाली, "मी मेसेजेस आणायला चाललेय," तर हा म्हणतो, "माझे काही निरोप आले असतील तर तेही आणा." ती त्याच्यासाठी बटाटे घेऊन आली. आता मेसेजेस म्हणजे वाणसामान, हे याला शिकवलं कुणी? मी.

पुढे यानं गृहप्रवेशाची चिठ्ठी लावली, 'या, आम्हाला ग्रीट करा.' त्याच्या इंग्रजीत ग्रीट म्हणजे भेटणं, हसून स्वागत... आमच्याकडे ग्रीट म्हणजे रडणं. शेजारची एफी काळा कोट घालून, रुमाल घेऊन हजर. दारातच विचारते, "गेलं कोण?" ते सगळं निस्तरलं कुणी? मी. थंडीभर रोज संध्याकाळी माझ्याच शेगडीपाशी बसून, माझाच चहा पीत शिकला तो. नेटा आपली कोपऱ्यात विणत बसलेली. मला काय माहीत ती काय विणतेय?

तर गेल्या शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम, 'आपले शब्द'. बोलणार कोण, तर जाइल्स. म्हटलं ठीक आहे, गुरूचं नाव तरी घेईल. केस कापले, आजोबांचा किल्ट नेसलो, पुढच्या रांगेत बसलो. आणि हा सुरू झाला...

"थ्रॉन म्हणजे हट्टी. समजा एक गृहस्थ आहेत. बायको सांगते, ओहोटी लागलीय, होडी रुतेल. ते म्हणतात, समुद्र मला शिकवू नकोस. मग भरती येईपर्यंत चिखलात होडीत बसून राहतात, पण किनाऱ्यावर हाक मारत नाहीत."

अख्खा हॉल माझ्याकडे वळला.

"ग्लेकिट म्हणजे बावळट. तेच गृहस्थ बायकोचं गुडघ्याचं मलम ओटकेकला फासून खातात, वर म्हणतात, लोणी जरा जुनं लागतंय."

आता मला सांगा, त्या वेळी स्वयंपाकघरात होतं कोण? मी आणि नेटा. मी तर सांगितलं नाही. नेटाकडे पाहिलं... ती छताकडे बघतेय.

आणि मग तो ग्रीटवर आला. म्हणाला, "त्या गृहस्थांनी म्हातारपणी होडी विकली, त्या दिवशी ते मागच्या शेडमध्ये जाऊन ग्रीट करत होते. बायकोला म्हणाले, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं. शेडमध्ये कांदे नव्हते."

कुणी हसलं नाही हो. हसले असते तर बरं झालं असतं. एफीनं मागून हळूच रुमाल पुढे केला... मी उठलो आणि सरळ घरी आलो.

नेटा मागोमाग आली. मी म्हटलं, "नेटा, तू क्लाइप आहेस. चुगलखोर. होडीचं तुला कळलं होतं, तर तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं म्हणून," ती कोट काढत म्हणाली. "मग मनात राहिलं. त्यानं ग्रीटचा अर्थ विचारला आणि ते तोंडातून गेलं. आणि बाकीच्या शब्दांना उदाहरण म्हणून दाखवायला मी दुसरा माणूस कुठून आणू, वॉटी? मला नवरा एकच आहे."

मी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी जाइल्स बिस्किटं घेऊन माफी मागायला आला, मी भिंतीकडे तोंड करून आतल्या खोलीत. तर नेटा त्याला दारातच सांगते, "रुसलाय. याला आमच्यात डॉर्टी म्हणतात."

"डॉऽटी," जाइल्स म्हणाला.

"डॉर्टी."

"डॉऽटी."

मी दात आवळले. माणसाला काही मान असतो की नाही? पण तो तिसऱ्यांदा डॉऽटी म्हणाला, आणि मग मीच आतून ओरडलो, "अरे, 'र' खडखडू दे की जरा... ये आत, बस."

चहा टाकला कुणी? मी.