कुंकवाचं बाकडं

तुम्ही हसाल, पण आमच्या पांढुर्ण्याच्या बाजाररस्त्यावरचं ते बाकडं कुंकवानं मिळालं आहे.

रस्ता नव्यानं करायचा म्हणून इंजिनिअर साहेबांनी रस्त्याच्या वळणावर टेबल ठेवून, त्यावर लाल कापड अंथरून नकाशा मांडला. ज्याला जिथं बाकडं हवं, त्यानं तिथं लाल टिकली लावायची. माझ्या बायकोचे गुडघे दुखतात, भाजी आणताना मधे टेकायला जागा नाही. तिनं नकाशावरच्या त्याच वळणावर टिकली लावली. पण एकटीच्या टिकलीनं काय होणार?

तेवढ्यात पूजेची ताटं घेऊन देवळात निघालेल्या सावरगावच्या बाया आल्या.

"कशाची पूजा व्हय माय?"

"कोणाला मालूम! टिकली लावली हाय, तू बी कुंकू वाह्य."

साऱ्याजणींनी त्या टिकलीभोवती कुंकू वाहिलं, हात जोडले अन् गेल्या.

साहेब चहा पिऊन आले. "बाप रे! टिकल्या संपल्या, तर लोकांनी कुंकवानं मत दिलं!"

मी खरं सांगणार, इतक्यात बायकोनं माझा हात दाबला. "तुम्ही चूप ऱ्हा जी."

बाकडं झालं. पूजेच्या जागेवरचं म्हणून त्या बाया अजून पाया पडतात, अन् बाकड्यावर बसलेली असते माझी बायको.

मी म्हटलं, "अवं, सांग ना त्यांना."

"कायले? आशीर्वाद तर मनापासून देऊन राहिली ना मी!"