लाल झाकणाचं पिंप

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मालकीणबाई मार्लिस टॉर्गरसन, व्यासपीठावरचे आदरणीय पास्टरसाहेब, सत्कारमूर्ती रेइनो कांगास, त्यांना बेचाळीस वर्षं सहन करणाऱ्या आयलावहिनी, आणि अर्धं लक्ष मागच्या टेबलावर वाफाळणाऱ्या जेवणाच्या हॉटडिशकडे असलेल्या माझ्या जंगलकामगार बंधुभगिनींनो,

रेइनोंबद्दल चार चांगले शब्द बोलावेत असं मला सांगण्यात आलं आहे. वर्कशॉपचा मुख्य म्हणून ते माझं कर्तव्यच. अडचण एवढीच की माणूस अत्यंत त्रासदायक आहे.

तुम्हीच सांगा, तेलाच्या पिंपांना कुणी रंग देतं का? यांनी दिला. हिवाळ्याच्या पातळ तेलाला निळं झाकण, उन्हाळ्याच्या जाड तेलाला लाल. नळी जोडायच्या आधी तिचं तोंड पुसायचं, आणि तेही धुतलेल्या फडक्याने! वहिनी, घरातले टॉवेल कुठे जायचे ते आता कळलं असेल. थंडीत लोडर सुरू केला की अर्धा तास नुसता घरघरत ठेवायचा. तेल कोमट झाल्याशिवाय एक ओंडका उचलायचा नाही. आम्ही विचारायचो, "रेइनो, मशीनला कॉफीपण देऊ का?" त्यावर हे म्हणत, "दे. पण आधी गरम होऊ दे." विनोद यांना कळला नाही की कळून सोडून दिला, हे मला आजवर समजलेलं नाही.

मी तेव्हा लोडर चालवायचो. ज्या पंपाने दाबलेल्या तेलावर त्याचा हात उचलतो, त्या पंपाचं ज्ञान शून्य, पण आवाज मोठा. माझं तत्त्व सोपं होतं: तेल ते तेल.

अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, पारा शून्याखाली पस्तीस असताना, रेइनो दाढ काढायला गावात गेले. सकाळीच माझ्या लोडरची नळी फुटली आणि अर्धी टाकी बर्फात सांडली. जमीन गोठलेली आहे तोवरच, चिखल व्हायच्या आत, ओंडके बाहेर काढायचे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग थांबणार कोण? मी नवी नळी बसवली, पुसली अर्थातच नाही, आणि पाच बादल्या तेल ओतलं. लाल झाकणाच्या पिंपातलं. का? ते दाराजवळ होतं. एवढं एकच शास्त्रीय कारण! आणि लगेच इंजिन पूर्ण जोरात सोडलं.

मधासारखं घट्ट झालेलं ते तेल पंपापर्यंत पोचेचना. पंप खडी दळल्यासारखा ओरडायला लागला. मी म्हटलं, थंडीने कुरकुरतोय बिचारा. सात मिनिटांत तो गप्प झाला, तो कायमचाच.

मार्लिसबाई, चष्मा पुसू नका. बरोबर ऐकलंत.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "या लोडरची टाकी कुणी भरली?" मी म्हणालो, "काल संध्याकाळी रेइनोंनी भरली." यात एक अक्षर खोटं नव्हतं, बरं का. भरलीच होती. फक्त पुढची पाच बादल्यांची गोष्ट तेवढी राहून गेली.

गावातून नुकत्याच परतलेल्या रेइनोंचा गाल टम्म सुजला होता. त्यांनी फिल्टर कापून उघडला. आतला धातूचा चमचमता चुरा बोटावर घेतला, तेल चिमटीत चोळून पाहिलं, मग माझ्या तेलकट बुटांकडे बघितलं. आणि बाईंना म्हणाले, "जानेवारीत लाल पिंप दाराशी राहायला नको होतं. ती चूक माझी." बस्स. आणि ते पिंप ढकलत आत नेलं.

वसंतात वर्कशॉपच्या मुख्याची जागा निघाली. ती रेइनोंचीच, असं सगळे धरून चालले होते. बाई म्हणाल्या, "ज्याने पंप घालवला त्याला मुख्य कसा करू?" आणि ती जागा मला दिली. बाई, तत्त्व उत्तम होतं. माणूस तेवढा चुकला.

त्यानंतर हा गृहस्थ अकरा वर्षं माझ्या हाताखाली राबला. मुख्य म्हणून मला जे काही येतं ते यानेच शिकवलं, तेही चारचौघांत मला "साहेब" म्हणत. त्यात एखादा टोमणा असता तर बरं वाटलं असतं हो! रेइनो, मला लाज वाटते. तुझी खुर्ची, तुझं चांगलं नाव, दोन्ही मी हिरावून घेतली, आणि आज तुझ्या निरोपाचं भाषणही मलाच करायला दिलंय.

या वर्कशॉपच्या किल्ल्या. बाई, तुमच्यासमोर ठेवतो. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

काय म्हणालास, रेइनो? जरा मोठ्याने... मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ते म्हणतात, "अकरा वर्षं! जाड तेलाला गरम व्हायला वेळ लागतो."

हसा. माझ्यावरच आहे.

स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचे आणि हॉल उघडून देणाऱ्या पास्टरसाहेबांचे मनापासून आभार. बोलण्यात बारीकसारीक काही चुकलं असेल तर आपण पोटात घालावं. मोठी चूक एका माणसाने अकरा वर्षं एकट्याने पोटात घातली होती. आज त्याला त्या कामातूनही निवृत्त करू या.